बटण लालकडं

ये गं बाई, अशी जवळ सरकून बस. आता तू पुण्यात आणि मी माकणीत, तेव्हा जवळ बसायचं म्हणजे हे वाचताना मधेच उठून दुसरं काही करायचं नाही, एवढंच. टीव्ही बंद कर. आणि आधी माझं रागावणं ऐकून घे, बाकीचं मग. परवा फोनवर मी म्हटलं, थंडी पडायच्या आत गाडीचं हिटर दाखवून आणायला सून उमरग्याला गेलीय, तर तू खो खो हसलीस. "मावशी, धाराशिव जिल्ह्यात हिटर? तिथं एसीला पण घाम येतो!" हसलीस ते हसलीस, वर जावईबापूंना हाक मारून तेही सांगितलंस. मला सगळं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर समोरचा चहा गार होईस्तोवर तशीच बसून राहिले. रागानं नव्हे गं. मला आठवलं, की बरोब्बर हेच बोलून आणि असंच हसून आम्ही सगळ्यांनी मिळून ते हिटर तोडून टाकलं होतं.

थंडी आमच्याकडं धरणावरून येते. संध्याकाळी पाण्यावर नुसती एक धुरकट रेघ दिसते आणि सकाळी उठून बघावं तर गाव गायब. कुंपण दिसतं, कुंपणापलीकडची ज्वारी दिसत नाही. हरभऱ्याच्या पानांवर खार उतरलेली असते, त्यातनं चाललं की पातळाचा काठ ओला होतो आणि मग दिवसभर घोट्याला चुरचुरत राहतं. पोरवयात मला हे दिवस फार आवडायचे. तुझी आई आणि मी शेकोटीत शेंगा भाजत बसून हात एवढे पुढं करायचो की बोटांना शेंगांचा धूर लागायचा, आणि शाळेत गुरुजी विचारायचे, पाटी सोडून शेंगाच गिरवल्या का रात्रभर. आता धुकं दिसलं की मला एका जागी बसवत नाही. हात आपोआप कशाला तरी ऊब आहे का ते बघायला जातो. उशाचा तांब्या, तुझ्या काकांचे पाय, दारातल्या गाडीचं बोनेट. सून म्हणते, "आत्या, बसा की जरा. सारखं काय चाचपडताय?" चाचपडतेय खरी. गेल्या हिवाळ्यानं लावलेली खोड आहे ती, ती काय सांगून जाते?

ती गाडी महेशनं घेतली, हे तुला माहीतच आहे. पोरगा हैदराबादला, सून स्वाती इथं आमच्यापाशी, आणि गाडी दारात. महेश म्हणाला, तुम्हाला दवाखान्याला, बाजाराला, यात्रेला कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. गाडी आली तेव्हा तिच्याबरोबर एक जाड पुस्तक आलं आणि गॅरंटीचा कागद. तुझ्या काकांनी दोन्हीला हळदकुंकू लावून पुढच्या कप्प्यात ठेवून दिलं आणि तो कप्पा परत उघडला नाही. देवाच्या पोथीगत.

पण गाडीवर जीव मात्र लई. जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. ट्रॅक्टरला जसं न्हाऊ घालायचं, तसंच हिलाही. दर अमावास्येला नळी लावून धुवायची, चाकाला लिंबू, काचेला जुन्या धोतराचा बोळा, आणि शेवटी बोनेट उघडून पाण्याच्या डबीत बोअरचं पाणी. काठोकाठ. तिला तहान लागू नये म्हणून. महेशनं फोनवर सांगितलं होतं, अण्णा, त्यात ते कूलंटचं हिरवं औषध घालायचं असतं, साधं पाणी चालत नाही. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "ट्रॅक्टरनं जन्मभर हेच पाणी पिलंय. ती काय राजाची लेक लागून गेली?"

आता आपल्या बोअरचं पाणी तुला काय सांगायचं. लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा केस धुतल्यावर जटा व्हायच्या आणि तू भोकाड पसरायचीस. साबणाला फेस नाही, डाळ शिजायला दुपार. न्हाणीतल्या बंबाच्या पोटात त्याची पांढरी खापली धरते. मी वर्षातनं एकदा तो बंब उपडा घालून चिंचेच्या पाण्यानं घासते, तेव्हा अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे निघतात. बंबाचं मला कळत होतं. गाडीच्या पोटात तसलाच एक बंब आहे, ते कुणाला कळावं?

गेल्या वर्षीच्या चैत्रात आम्ही येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला गेलो होतो. ऊन असं, की रस्त्यावर पाणी सांडल्यासारखं दिसायचं आणि जवळ जावं तर कोरडं. परत येताना गाडीचा काटा चढला, बोनेटमधनं वाफ आली. झाडाखाली थांबून, पाणी ओतून, दमादमानं उमरग्याला गफूरभाईच्या गॅरेजात आलो. गफूरभाई म्हणजे आपला जुना माणूस, ह्यांच्या ट्रॅक्टरचा मिस्त्री, तोंडात अर्धी मराठी अर्धी दखनी. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, हिटरकी लाइन गळती. आतली जाळी लै नाजूक असती. कंपनीत गेलात तर फुकट करून देतेत, गॅरंटी हाय अजून."

"कंपनी सोलापुरात. एवढ्या उन्हात परत कोण जातंय?" हे म्हणाले. "तूच कर काय ते."

"हिटर कधी लावलं होतं तुमी?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. स्वाती म्हणाली, "चुकून एकदा लागलं होतं मामा, तुम्ही दार उघडून खाली उतरला होता."

त्यावर सगळे हसलो. गफूरभाई तर हातातला पाना खाली ठेवून हसला. "हितं दुपारको बोनटपर अंडा पकता, और हिटर! नकोच ती कटकट." आणि त्यानं इंजिनाचं गरम पाणी त्या जाळीत नेणारे-आणणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडून टाकले. पाणी जाळीत जायलाच नको, म्हणजे गळायलाही नको. आपल्या भागात असंच करतात. गाडी गार राहिली म्हणजे झालं. मी पण हसले होते हो. तुझ्यापेक्षा जरा जास्तच.

पावसाळ्यात कधीतरी गॅरंटी संपली. ती संपली त्या दिवशी काय झालं? काही नाही. पाऊस भुरभुर होता, मी तुरीच्या शेतात खुरपत असेन. असल्या गोष्टी आवाज करून संपत नाहीत. माणसाचंही तसंच झालं. दिवाळीच्या फराळाला ह्यांनी हात लावला नाही, पाय सुजले, बसल्या जागी धाप लागायला लागली. उमरग्याच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि सांगितलं, दोन्ही किडन्या दमल्यात. आता आठवड्यातनं तीनदा यंत्रावर यावं लागेल, चुकवायचं नाही. ह्यांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर कागदाकडं बघत राहिले. मग ह्यांनी परत विचारलं नाही.

आमचा नंबर पहिल्या पाळीचा. उजाडायच्या आत निघायचं, धुक्यातनं लोहारा, मग उमरगा. स्वाती गाडी चालवते, मी मागं ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. जाताना एवढं नाही, पण येताना! ते यंत्र अंगातलं सगळं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत घालतं. परत आलेलं रक्त जणू आडातलं पाणी. ऊन वर आलेलं असायचं, हायवेवरचे ट्रकवाले बनियनवर चहा पीत असायचे, आणि ह्यांचे दात वाजायचे. दोन घोंगड्या, कानटोपी, माझी शाल. तरी आतनं हुडहुडी. पहिल्या दिवशी स्वाती म्हणाली, "थांबा मामा, हिटर लावते." आणि बटण निळ्याकडनं लालकडं फिरवलं. वारा आला तो नुसता गार. तिनं आणखी फिरवलं, पार टोकाला. गारच. आरशात तिची नि माझी नजर भेटली, आणि दोघींनाही एकाच वेळी येरमाळ्याचा रस्ता आठवला.

दुसऱ्या दिवशी गफूरभाईनं पाइप होते तसे परत जोडले. पण महिनोन् महिने कोरडी पडलेली जाळी आतनं गच्च झाली होती. एका तोंडानं पाणी घातलं तर दुसऱ्या तोंडानं थेंब येईना. तो बिचारा हात पुसत उभा राहिला. मग सोलापूरच्या शोरूममध्ये गेलो. काचेचं दार, आत फरशी अशी की चप्पल काढावी का वाटावं. तिथला पोरगा अदबीनं बोलत होता. "काका, वॉरंटी पावसाळ्यातच संपलीय. आणि असती तरी हे खारं पाणी, हे बाहेर जोडलेले पाइप, यात ती बसली नसती. जाळी बदलायची तर पुढचा सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल." त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून तुझ्या काकांनी मनातल्या मनात एक दुभती म्हैस घेतली आणि जागेवरच विकून टाकली. ते उठलेच.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "पोराच्या गाडीचं पोट फाडून मला ऊब नको."

"अवो, पण—"

"सांगितलं ना. नको म्हंजे नको."

तुला तुझ्या काकांचा 'नको' माहीत आहे. बैलानं मान टाकावी तसा असतो तो. ओढून फायदा नाही.

मग मी माझे उपाय सुरू केले. पहाटे चुलीत दोन विटा तापवायच्या, गोणपाटात गुंडाळून पायाशी. विटा पोचेपर्यंत टिकायच्या, परतीला काय? एकदा मी गरम भाकरी फडक्यात बांधून पोटाशी दिल्या, तर म्हणतात, "पोटात घालायची वस्तू पोटावर ठिवतीस. आता हेच बघायचं राहिलं होतं." तेवढं हसले. मग दवाखान्यासमोरच्या चहावाल्या शिवाप्पानं वाट काढली. कपाळाला भस्माचे पट्टे, गल्ल्याजवळ महादेवाचा फोटो, बोलणं निम्मं कानडी. मी विटा घेऊन नुसती उभी राहिले तर म्हणाला, "द्या इकडं अव्वा. चहा उतरला की भट्टी रिकामीच हाय." यंत्र संपायच्या वेळेला तो विटा तापवून ठेवायचा आणि चिमट्यानं माझ्या गोणपाटात सोडताना म्हणायचा, "बिसी हाय, बिसी हाय. जपून." बिसी म्हणजे गरम, हे मी तिथं शिकले. ह्या वयात शिकलेला तो माझा एकच कानडी शब्द. तो ऐकला की अजून अंगात बरं वाटतं.

पण विटांनी पाय तापतात गं, माणूस तापत नाही. काचा बंद ठेवाव्यात तर आतनं धुकं धरायचं, स्वातीला पुढचा रस्ता दिसायचा नाही. उघडाव्यात तर वारा ह्यांच्या छातीवर. अर्धी काच खाली, अर्धी वर, असे आम्ही जायचो आणि यायचो. मी मागं बसून ह्यांच्या अंगावरचं पांघरूण दाबत राहायची. इकडनं दाबलं की तिकडनं निघायचं. रस्ता संपतच नाही असं वाटायचं. घरी आलं तरी माझे हात थांबायचे नाहीत.

आणि मग येळवसच्या तोंडावर एका सकाळी हे उठलेच नाहीत. म्हणजे जागे होते. भिंतीकडं तोंड करून पडून होते.

"चला, स्वातीनं गाडी काढलीय."

"मी न्हाय येत."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाय येत. सुया टोचू देत, रगत काढू देत, कायबी करू देत. त्याचं मला काय न्हाय. पण तो गारठा आता सोसवत न्हाय. मरायचं तर घरात गरम मरू."

ती खेप चुकली. संध्याकाळपर्यंत पाय असे टरारले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. डॉक्टर फोनवर मला रागावले. महेश फोनवर रडला. मी भांडले, स्वातीनं हात जोडले. ह्यांचं एकच, "येळवस झाली की बघू." ते 'बघू' कसलं, ते मला कळत होतं. एवढ्या मोठ्या माणसाचं जगणं आता त्या बोटभर बटणावर येऊन बसलं होतं, आणि बटण काही केल्या गरम होत नव्हतं.

येळवस तुला आठवत असेल, पण जावईबापूंना वाचून दाखव. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आपल्या भागातली गावं ओस पडतात. दुकानं बंद, गॅरेज बंद, उमरग्याच्या पेठेत कुत्रं भेटणार नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांच्यापुढं सगळ्या भाज्या-दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, शेंगाची पोळी आणि मडक्यातली आंबील. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हाक मारून पानावर बसवायचा. ह्यांनी जन्मात ती चुकवली नाही, त्या दिवशी तरी कशी चुकवतील?

त्या सकाळी गाडीच्या मागच्या बाजूला आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, पोळ्यांची दुरडी आणि मी. मडकं हिंदकळू नये म्हणून मी ते मांडीत धरलेलं. तेव्हा ह्यांना दुखणं लागल्यापासून पहिल्यांदाच पुढं बसावं लागलं, स्वातीच्या शेजारी. दवाखान्याला जाताना ते कायम मागं, पांघरुणात डोळे मिटून. पुढं काय चालतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

धुकं दाट होतं. स्वाती एका हातानं गाडी चालवत होती आणि दुसऱ्या हातानं ओढणीच्या टोकानं काच पुसत होती. पुसली की धरायची, परत पुसायची. काच तिच्या बाजूची खाली, वारा सरळ तिच्या अंगावर. अंगात साधा पंजाबी ड्रेस. तिचा स्वेटर? तो केव्हापासूनच ह्यांच्या छातीवर असायचा, घोंगडीच्या आतनं. माझ्या ध्यानात होतं ते. तिनंच मला गप्प केलं होतं, मामांना सांगू नका म्हणून.

ह्या हातांना गाडी ह्यांनीच शिकवली. लग्न होऊन आली त्या वर्षी ट्रॅक्टरवर बसवलं होतं तिला. अख्खा गाव बांधावर उभा राहून हसला होता, पाटलांची सून नांगरट करायली म्हणून. हे म्हणाले होते, हसू दे, तू पुढं बघ. तेव्हापासून ती पुढंच बघते.

वळणावर गाडी थांबली, म्हसरं आडवी आली होती. ह्यांनी हात लांब करून तिच्या स्टेअरिंगवरच्या हाताला लावला. लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

"एवढे गार?"

"काय न्हाय मामा. धुकं हाय ना."

"रोज असंच असतंय?"

म्हसरं गेली, तिनं गियर टाकला. बोटं निळसर झाली होती, नखाभोवती पांढरी. हे ती बोटं बघत राहिले, शेत येईपर्यंत.

दिवसभर हे खोपीच्या तोंडाशी उन्हात बसून राहिले. आलंगेलं माणूस पाया पडायचं, जेवायचं, जायचं. त्यांना पाणीसुद्धा मोजून, आंबील कुठली? मी बघत नाही असं बघून त्यांनी मडक्यात एक बोट बुडवलं आणि चाटलं. मी तिकडं पाठ केली. गफूरभाई दरवर्षीसारखा बायकोला घेऊन आला होता, चार वेळा भज्जी वाढून घेतली आणि म्हणाला, "भाभी, हे खाऊन आमी आता सोता, उठवू नका." पण झोपला नाही. ह्यांच्याशेजारी येऊन बसला. तोही दिवसभर ह्यांच्या पायांकडंच बघत होता.

सांज झाली. कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फेरी मारायची असते, ती दरवर्षी ह्यांनी मारलेली. या वर्षी उठवेना. त्यांनी पेंढी स्वातीच्या हातात दिली. ती जाळ घेऊन बांधाबांधानं निघाली. ज्वारीच्या आडून जाळ दिसायचा, लपायचा, परत दिसायचा. हे मान वळवत वळवत बघत होते. ती पलीकडच्या कोपऱ्याला पोचली तसे म्हणाले, "गफूर, उद्या गाडी घे. ती जाळी बदल."

गफूरभाई म्हणाला, "अण्णा, उद्या तुमचा दवाखाना."

"दवाखान्याला जाऊन आल्यावर घे."

बस, एवढंच. मी खोपीत भांडी आवरत होते. हातातली पळी तशीच राहिली. दवाखान्याला जाऊन आल्यावर! ज्या वाक्यासाठी मी दोन दिवस भांडत होते, ते त्यांनी असं गाडीच्या बोलण्यात टाकून दिलं. आणि माझ्याकडं न बघता वर म्हणाले, "पोरीचे हात गारठत्यात. माझ्यासाठी न्हाय सांगत मी."

असू दे म्हटलं. कुणासाठी का होईना.

गाडीचं पोट मग गफूरभाईनं फाडलंच. पुढचं सगळं उतरवलं, वायरींची आतडी बाहेर, शिटं अंगणात. एक खेप भाड्याच्या गाडीनं केली. किती लागले ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. तुरीची पहिली पोती तिकडं गेली एवढं ध्यानात ठेव. शोरूममधनंच जाळी आणावी लागली, ती स्वस्त थोडीच येते. जुनी जाळी गफूरभाईनं ह्यांच्या हातात ठेवली. वहीएवढी वस्तू. पत्रा कापून बघितलं तर आत पांढरीशुभ्र खापली, नळ्या न् नळ्या भरलेल्या. माझ्या बंबात निघते ना, अगदी तीच.

हे ती जाळी गुडघ्यावर घेऊन कितीतरी वेळ नखानं खापली काढत बसले. एक पापुद्रा निघाला, तो उन्हात धरून बघितला. म्हणाले, "मी तिला तहान लागू ने म्हणून पाजत हुतो."

गफूरभाई म्हणाला, "और हम उसका पानीच तोडा. जाऊ दे अण्णा."

"डॉक्टर मला सांगत हुता, आतल्या जाळ्या बुजल्यात. तवा कळलं न्हाय जाळी म्हंजे काय." मग ह्यांनी पापुद्रा फुंकून उडवला. "दोघांनी एकाच बोअरचं पाणी पिलंय. एकीला नवी मिळाली. चला, तेवढं तरी झालं."

मी पुढं डॉक्टरांना विचारलं, पाण्यानं झालं का हो असं? ते म्हणाले, तसं म्हणता येत नाही आजी, साखर होती, वय आहे. म्हणता येत नसेल. पण त्या दिवसापासून बोअरचा तांब्या भरताना माझा हात अडखळतो, आणि प्यायला आता फिल्टरचे जार आणतो आम्ही. गाडीला हिरवं औषध. ती बाटली ह्यांनी देवघराच्या फडताळात ठेवलीय, कुलपात, चुकून कुणी पाणी समजून पिऊ नये म्हणून.

नवी जाळी बसल्यावरची परतीची पहिली खेप मला अजून जशीच्या तशी आठवते. शिवाप्पा विटा घेऊन दारातच आला. स्वातीनं काच खाली करून सांगितलं, "काका, आज विटा नकोत." तो म्हणाला, "असू दे अव्वा, तापवल्यात तर घेऊन जावा." घेतल्या. त्या दिवशी धुकं उठलंच नव्हतं. हायवेला लागल्यावर तिनं बटण फिरवलं. लालकडं. आधी जळक्या धुळीचा वास आला, मग रबराचा, आणि मग हळूच, चुलीपुढं पाट मांडून बसल्यावर पहिली झळ यावी तशी ऊब. काचेवरचं धुकं खालनं वर पुसत गेलं, कुणी हात न लावता. हायवेचा पट्टा दिसला, ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर दिसला. ह्यांनी डोळे उघडले. कानटोपी काढली. मग शाल. मग स्वेटर काढून पुढं स्वातीच्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "हा घे तुझा. मला काय ठाऊक न्हाय असं वाटलं व्हय?"

"मामा, गाडी चालवू द्या."

"चालीव की. आन् बटण जरा निळ्याकडं घे, तुला घाम येईल."

"येऊ द्या."

लोहारा यायच्या आत त्यांना झोप लागली. दात वाजत नव्हते. मी त्यांच्या पायाला हात लावला, गरम. आता तरी माझा जीव निवांत व्हावा की नाही? नाही झाला. पायावरचा हात मी छातीवर नेला, वरखाली होतेय का बघायला. होत होती. तरी घरापर्यंत हात तिथंच ठेवला.

तर बाई, ह्या वर्षीची थंडी आता धरणावर येऊन थांबलीय. काल संध्याकाळी ती रेघ दिसली. स्वाती हिटर दाखवून आली, गफूरभाई म्हणाला, टकाटक हाय. ह्यांचं यंत्र चालू आहे, एकही खेप चुकवत नाहीत. अंग मात्र उतरलंय. परवा पँटला पट्टा बांधताना नवं भोक पाडावं लागलं. ते म्हणतात, बरंय, गाडीला वजन कमी. मी हसते आणि आत जाऊन उगीच भांडी इकडची तिकडं करते. सकाळी ते उठायच्या आधी मी गाडीत जाऊन बसते, स्वातीला चालू करायला लावते, आणि त्या जाळीतनं वारा येतो तिथं तळहात धरते. गरम आला तरी थोडा वेळ तसाच धरून ठेवते. तीही हात धरते.

तुझ्या हसण्याचं मी ह्यांना सांगितलं. त्यांना राग आला असं वाटतंय का? उलट खूश झाले. म्हणाले, "तिला येळवसला बोलव. पुढच्या शिटवर बसवून बटण फिरवून दाखवतो, मग हस म्हणावं." तेव्हापासून रोज विचारतात, आली का तिची चिठ्ठी, आला का फोन. खोपीसाठी कडबा बाजूला काढून ठेवलाय. आंबिलीला ताक मी विरजेन, तू नुसती ये. जावईबापूंना आण, पोरांना आण, शाळा बुडली तर बुडू दे एक दिवस. दरवर्षी तू म्हणतेस, मावशी, पुढच्या वर्षी नक्की. ह्या वेळी तेवढं म्हणू नकोस गं. ह्या घरात आता पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नाही, ह्या खेपेचं बोलतो आम्ही. ह्याच येळवसला ये. गाडी घेऊन उमरग्याच्या स्टँडवर आम्ही तिघंही येतो न्यायला. पुढची शिट तापवून ठेवतो.